म्हणे, सेफ शिकार!

"अरे, तिकडे बाप बारा वर्षांच्या पोराला घेऊन हरणाच्या शिकारीला जातो. इतकं सेफ असतं. आपल्याकडेच उगाच बाऊ करून ठेवलाय."

हे वाक्य गेल्या महिन्याभरात हापिसातल्या चहाच्या मशीनपाशी मी निदान तीनदा ऐकलंय. बोलणारा आमचाच एक मित्र, तीन वर्षं ऑनसाइट मिल्वॉकीला काढून आलेला. तिथे त्याने रीतसर कोर्स केला, परवाना काढला आणि नोव्हेंबरच्या थंडीत खरोखर शिकारीला जाऊन आला. फोटो पाहिलेत आम्ही. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या पुढच्या वाक्याबद्दल. "शहापूरच्या पुढे एकाची ओळख आहे. शनिवारी रात्री निघायचं. भेकर मिळालं तर भेकर, नाहीतर डुक्कर. बंदूक त्यांची, बॅटरी त्यांची. आपण फक्त पाच जण जमलो पाहिजे. रिस्क काही नाही, सगळे एक्स्पर्ट लोक आहेत."

आणि ऐकणाऱ्यांतल्या दोघांनी चक्क मोबाईलवर कॅलेंडर उघडून पाहिलं!

तर मंडळी, आजचा लेख त्या दोघांसाठी, आणि कांजूर-पवई-भांडुपच्या टॉवरांमध्ये राहणाऱ्या त्यांच्यासारख्या इतरांसाठी. मुक्या प्राण्यांवर दया करा वगैरे मी सांगणार नाही. ते सांगणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत आणि त्यांचं तुम्ही ऐकलेलं नाहीच. मी बोलणार आहे फक्त सेफ्टीबद्दल, कारण मुद्दा तोच काढला गेलाय. माझं म्हणणं एवढंच आहे की विस्कॉन्सिनमधली शिकार ज्या ज्या कारणांमुळे सेफ आहे, ती सगळी कारणं उघडपणावर उभी आहेत. आपल्याकडची शिकार मुळात लपूनच करावी लागते. त्यामुळे तिथला एकही नियम इथे पाळता येत नाही. तुमच्यासोबतचा गडी कितीही एक्स्पर्ट असला तरी.

आधी तिथलं बघू. आपल्या मित्राने मोठ्या उत्साहाने सांगितलेल्याच गोष्टी आहेत या, फक्त त्याने त्यांच्यातून निष्कर्ष भलताच काढला.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला सेफ्टीचा कोर्स केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही (काही मोजके अपवाद सोडले तर). कोर्समध्ये चार गोष्टी घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. नळीचं तोंड नेहमी सुरक्षित दिशेला ठेवायचं. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री झाल्याशिवाय बार काढायचा नाही. आणि बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर. हंगाम ठरलेला असतो. बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. वेळ ठरलेली असते. सूर्य उगवायच्या थोडं आधीपासून मावळल्यानंतर थोड्या वेळापर्यंत, बस. रात्री दिव्याच्या झोतात हरीण मारणं हा तिथेही गुन्हाच आहे, हे आमच्या मित्राने सांगितलं नाही. चालत्या गाडीत बंदूक भरलेली ठेवायची नाही. झाडावरच्या मचाणावर चढताना अंगाला पट्टा बांधायचा, कारण गोळी लागून जितके लोक जखमी होतात त्यांच्या बरोबरीने मचाणावरून पडूनही होतात. आणि निघताना घरी कोणाला तरी सांगून जायचं की मी अमुक जागी बसणार आहे, अमुक वाजेपर्यंत परत येईन.

आणि मग तो नारिंगी रंग. यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

१९८० पासून विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी घालणं सक्तीचं आहे. कंबरेच्या वरचे बाहेरचे निम्मे कपडे नारिंगी पाहिजेत. टोपी घातली तर तिचाही निम्मा भाग. पेनसिल्व्हेनियात तर डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच असा हिशोबच आहे. (२०१६ पासून विस्कॉन्सिनने भडक गुलाबीही चालेल म्हणून सांगितलं. त्यावर तिकडे बरीच चेष्टा झाली, असो.) या रंगाची गंमत अशी की तो हरणाला आपल्यासारखा दिसत नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. नारिंगी आणि हिरवा त्याला जवळपास सारखेच. म्हणजे जाकीट घातल्याने शिकाऱ्याचं काहीच बिघडत नाही. सावजाला तो दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दोन-तीनशे यार्डांवरूनही दिसतो. शंभर वर्षांपूर्वी तिथेसुद्धा एकेका हंगामात डझनावारी माणसं मरत, जंगलात हललेलं काहीही म्हणजे हरीणच असं समजून. कोर्स आणि हे जाकीट, या दोन गोष्टींनी ते चित्र बदललं.

आता शहापूरच्या पुढच्या त्या एक्स्पर्टने भडक नारिंगी जाकीट घालावं का? घालूच शकत नाही. त्याला हरणापासून लपायचंच नाहीये. त्याला लपायचंय माणसांपासून. वनरक्षकापासून, शेजारच्या पाड्यावरच्या लोकांपासून, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीपासून. जो रंग माणसाला दिसावा म्हणून शोधला, तोच त्याला नको आहे. काळा शर्ट, काळी पँट, चालताना बॅटरी बंद. म्हणजे सोबतच्या माणसालाही तो दिसत नाही.

बाकीचे नियमही एकेक लावून बघा. उजेडात शिकार करायची? उजेडात पकडले जाऊ. घरी सांगून जायचं? काय सांगणार, "ऐक गं, मी वन्यजीव कायदा मोडायला चाललोय, सकाळी नाश्त्याला येईन"? प्रत्येकाने आपापली जागा धरून बसायचं आणि जागा बदलताना ओरडून सांगायचं? ओरडलं की पाड्यावर कुत्री भुंकणार. प्रॉडक्शनमधल्या सिस्टीमचे सगळे चेक मुद्दाम काढून टाकायचे, लॉगिंग बंद करायचं, मॉनिटरिंग बंद करायचं आणि मग म्हणायचं की आपला माणूस एक्स्पर्ट आहे, काही होणार नाही. असं रिलीज तुम्ही तुमच्या मॅनेजरला करू द्याल?

बंदुकीचंही तेच. त्याच्या हातात असेल ती बहुधा गावठी, नाहीतर ठासणीची. ठासणीची बंदूक म्हणजे नळीत वरून दारू घालायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचं. याला वेळ लागतो. सावज दिसल्यावर भरत बसलं तर सावज कशाला थांबेल? म्हणून ती घरूनच भरून नेतात आणि रात्रभर भरलेलीच खांद्यावर असते, ओढ्यातून जाताना, दगडांवरून उतरताना, कुंपण ओलांडताना. तिचं तोंड कुठे असतं? पुढच्या माणसाच्या पाठीकडे, नाहीतर मागच्याच्या तोंडाकडे. दारू ओलसर असेल तर चाप ओढल्यावर लगेच बार निघत नाही, एक-दोन सेकंदांनी निघतो. कोर्समध्ये शिकवतात की असं झालं तर निदान अर्धा-एक मिनिट नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून ठेवायची. इथे माणूस "च्यायला, फुसकी निघाली" म्हणत नळी आपल्याकडे वळवून बघतो. दारू जास्त पडली किंवा नळीच जुनी-गंजकी असली तर नळी फुटते. मग जखमी होतो तो धरणारा, आणि त्याच्या बाजूला उभा असलेला मोबाईलवाला.

आणि बॅटरी. रात्री झोत टाकला की हरणाचे डोळे चमकतात, कारण त्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो. तसा तो गाईला असतो, बकरीला असतो, कुत्र्यालाही असतो. चमकले ते दोन डोळे कोणाचे, हे चाळीस-पन्नास पावलांवरून झाडोऱ्यात भल्याभल्यांना कळत नाही. बरं, माणसाला हा पडदा नाही. माणसाचे डोळे चमकतच नाहीत. म्हणजे त्या चमकणाऱ्या डोळ्यांच्या मागे कोणी माणूस उभा असेल, तर तो बॅटरीच्या हिशोबात नसतोच.

हे सगळं मी घाबरवायला रचून सांगत नाहीये. २८ जानेवारी २०२५ ला पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला होता. त्या वेळच्या बातम्यांनुसार शिकारीच्या ओघात त्यांच्यातले काही जण इतरांपासून वेगळे झाले. त्यांची हालचाल पाहून गटातल्याच एकाला डुक्कर वाटलं आणि त्याने गोळी झाडली. एक माणूस जागीच गेला. कांजूरहून ईस्टर्न एक्स्प्रेस, घोडबंदर, मग अहमदाबाद हायवे असं निघालात आणि ट्रॅफिक नडलं नाही, तर मनोर फार तर दोन तासांवर आहे. तुमच्या त्या रिसॉर्टच्या अलीकडे-पलीकडेच कुठेतरी.

चूक गोळी झाडणाऱ्याची झाली, ती परवाना असलेल्याकडूनही होते. मला खरं भयंकर वाटतं ते पुढचं. सोबतच्यांनी पोलिसांना कळवलं नाही. मृतदेह झुडपात लपवला. पोलिसांना सुगावा लागून तो सापडेपर्यंत आठवड्याच्या आसपास काळ गेला होता. हे लोक काही सराईत खुनी नव्हते, एकमेकांच्या ओळखीची, एकाच परिसरातली माणसं होती. पण अँब्युलन्स बोलवायची तर आधी सांगावं लागतं की आम्ही इथे काय करत होतो. तिथेच फोन खिशात राहतो.

याच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवून बघा. ११ फेब्रुवारी २००६, टेक्सास. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी एका खाजगी रँचवर लाव्यांच्या शिकारीला गेले होते. संध्याकाळ, सूर्य कललेला. पक्षी उडाला, चेनी वळले, बार काढला आणि छर्रे गेले ते सोबतच्या हॅरी व्हिटिंग्टन या ७८ वर्षांच्या वकिलाच्या चेहऱ्यात, मानेत, छातीत. नारिंगी जाकीट होतं, परवाने होते (एक सात डॉलरचा शिक्का तेवढा राहिला होता म्हणे), अनुभव होता आणि उजेडही होता. तरीही झालंच. वैद्यकीय पथक आणि अँब्युलन्स उपराष्ट्राध्यक्षांच्या दिमतीला होती, म्हणून उपचार लगेच मिळाले. नंतर छर्ऱ्यामुळे त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटकाही आला, पण माणूस वाचला आणि २०२३ मध्ये ९५ व्या वर्षी वारला. जगभर चेनींची टिंगल झाली, शेरिफच्या हापिसाने जबाब घेतले, सगळं कागदावर आलं.

अपघात दोन्हीकडे माणसाकडूनच झाला. व्हिटिंग्टन वाचले कारण तिथे कोणाला काही लपवायचं नव्हतं. तुमच्या शनिवार रात्रीच्या ट्रिपमध्ये तुमच्यातल्या एकाच्या मांडीत छर्रे घुसले, तर बाकीचे चौघे पहिली दहा मिनिटं काय बोलतील हे तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. "थांब, आधी बंदूक कुठे ठेवायची ते ठरवू." "हॉस्पिटलमध्ये काय सांगायचं?" "त्याच्या बायकोला आत्ता नको कळवूस." मांडीतली मोठी धमनी फुटली असेल तर ती दहा मिनिटं म्हणजेच तो माणूस.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण "आपण थोडीच बंदूक चालवणार, आपण नुसतं बघायला" असं म्हणणारे जास्त असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या भलतीच रुंद आहे. मारणं तर आलंच, पण फास लावणं, हाकणं, आमिष टाकणं आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, ही सगळी शिकारच. बॅटरीचा झोत धरणारा म्हणजे प्रेक्षक, असं कोर्टात सांगून बघा. जंगली जनावराचं मांस जवळ सापडलं तर ते बेकायदा आहे असंच धरून चालतात. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली) साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या परिशिष्टातला असेल किंवा जागा अभयारण्यातली अथवा राष्ट्रीय उद्यानातली असेल, तर कमीत कमी तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. बिनपरवाना बंदुकीचा वेगळा गुन्हा, शस्त्र कायद्याखाली. आणि हलगर्जीपणाने कोणी मेलंच, तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ कलमाखाली पाच वर्षांपर्यंत. पासपोर्ट, व्हिसा, कंपनीचं बॅकग्राउंड चेक हे मी मुद्दाम लिहीत नाही. तेवढं गणित तुम्हाला येतं. सलमान खानचं उदाहरण देऊन "काय झालं त्याला?" असं विचारणारेही भेटतात. ऑक्टोबर १९९८ ची जोधपूरजवळच्या कांकाणीची घटना, २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा, मग दोन दिवसांत जामीन आणि पुढे अपील. अरे बाबा, त्याला वीस-वीस वर्षं वकील परवडतात. तुझा होम लोनचा हप्ता आहे.

आता मित्राने मांडलेले दोन मुद्दे. पहिला असा की, "मग इथेही अमेरिकेसारखं कायदेशीर करा ना, म्हणजे आपोआप सेफ होईल." ऐकायला लॉजिकल आहे. पण तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं काही कोटींच्या घरात आहेत, आणि बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवलेला आहे. आपल्याकडे काय आहे ते बघायला लांब जायला नको. कांजूरमार्ग स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, आयआयटीच्या मागच्या डोंगराकडे बघा. त्याच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी आपण. त्यात चितळ, सांबर आणि त्यांच्यावर जगणारे बिबटे. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत ४७ बिबटे मिळाले होते. तिथली हरणं कमी झाली तर हे बिबटे उपाशी बसणार नाहीत. ते कुत्र्यांच्या मागे खाली येतील, म्हणजे आपल्याच सोसायटीच्या कचराकुंडीपाशी. तेव्हा डोंगरावर चितळ असणं ही कांजूर-भांडुपच्या माणसाची स्वतःचीच सेफ्टी आहे. फासही तिथे लागलेच आहेत. २०१८ मध्ये गोरेगावच्या फिल्मसिटीच्या जंगलात फासात अडकून एक सांबर मेलं आणि एक बिबट्याही. फास लावणाऱ्याला बिबट्या नको होता. फासाला कुठे निवड करता येते?

दुसरा मुद्दा, "आदिवासी पिढ्यान्पिढ्या करतातच की." या मुद्द्याचा मला खरंच राग येतो. एक तर ज्याच्या नावाने तुम्ही ही मौज करणार, पकडला तो जाणार. तुम्ही रविवारी दुपारी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाणी ऐकत असाल. दुसरं म्हणजे जुन्या हाक्याची आणि या रात्रीच्या धंद्याची तुलनाच होत नाही. हाका म्हणजे दिवसाउजेडी, अख्खा गाव, डबे-ढोल वाजवत, आरोळ्या ठोकत. कोण कुठल्या बाजूने येतोय हे आवाजावरूनच कळायचं. तो गोंगाट सावज उठवायला तर होताच, पण आपला माणूस कुठे आहे हे समजायलाही होता. त्यातला गोंगाट काढला, उजेड काढला, बंदूक आणि बॅटरी आणली आणि वर शहरातल्या पाच पाहुण्यांचे पैसे आणले. आता याला परंपरा म्हणायचं? पाहुणे पैसे देऊन आलेत म्हटल्यावर काहीतरी मिळालंच पाहिजे, हा दाब त्या बंदूकवाल्यावर असतो. पहाटेचे चार वाजलेत, पाहुणे जांभया देतायत, दोघं "काय राव, नुसतंच फिरवलंत" म्हणतायत. अशा वेळी झुडूप हललं तर तो खात्री करत बसेल? "समोर काय आहे याची खात्री" हा नियम तुमच्याच नोटांनी मोडतो. त्या पैशांत तुम्ही त्याच्याकडून घाईच विकत घेता.

शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि खरा आहे. रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतात, हे मीही पाहिलंय. त्यासाठी कायद्यात ११ वं कलम आहे, पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येतं. ती परवानगी वेळेवर मिळत नाही, भरपाई रखडते, आणि मग माणूस कुंपणात वीज सोडतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूरच्या नागभीड भागात 'श्रीनिवास' नावाचा वाघ अशाच तारेला चिकटून मेला. अशा तारांनी माणसंही जातात. त्याबद्दल सरकारला जाब विचारायचा असेल तर मी सोबत येतो. पण आपला मित्र भुईमूग लावत नाही. त्याच्या गॅलरीत मनीप्लँट आहे.

एक गोष्ट मात्र शिकारीला न जाणाऱ्यांनीही लक्षात घ्यावी. आपल्यातले कितीतरी जण पावसाळा सरला की नाइट ट्रेकला जातात. शहापूर, मुरबाड, कर्जत, पालघर, म्हणजे याच सगळ्या जंगलातून. काळे ट्रॅकसूट घालून, पाच-सात जण, वाट सोडून शॉर्टकट मारत. त्या अंधारात कोणी भरलेली बंदूक घेऊन हललेल्या झुडपाकडे बघत बसलेला असू शकतो. साध्या पॉइंट टू-टूची गोळीसुद्धा मैलभराच्या पुढे जाऊ शकते, मोठ्या रायफलीची त्याहून कितीतरी लांब. तेव्हा ट्रेकला भडक रंगाचे कपडे घाला, नारिंगी सगळ्यात उत्तम. डोक्याला लावायचा दिवा चालू ठेवा आणि मधूनमधून मोठ्याने बोला (इतर ट्रेकर्सना त्रास होईल इतकं नव्हे, आणि ब्लूटूथ स्पीकर तर नकोच). गावातून जाताना कोणाला तरी सांगून जा की आम्ही इतके जण अमुक वाटेने चाललोय. वाट सोडू नका. वाटेच्या कडेला बारीक तारेचा गोल फास दिसला किंवा खांबावरून भलतीकडे गेलेली तार दिसली, तर हात लावू नका, फोटो काढा आणि जागेची नोंद ठेवा. कणकेचा गोळा पडलेला दिसला तर तोही उचलू नका, डुकरासाठी त्यात स्फोटक भरलेलं असतं आणि ते दाबलं की फुटतं. बरोबर कुत्रा नेला असेल तर त्याला साखळीलाच ठेवा.

महाराष्ट्राच्या वनविभागाचा टोल-फ्री नंबर १९२६ आहे, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. फार्महाऊसवर कोणी "रानातलं आहे, खास तुमच्यासाठी" म्हणून ताट पुढे केलं तर ते परत करा आणि बाहेर येऊन हा नंबर लावा. रात्री मागच्या टेकडीवर बार ऐकू आला, तर टॉर्च घेऊन बघायला जाऊ नका. सगळ्यांना आत घ्या, गच्चीवरच्यांना खाली बोलवा, मग फोन करा. आवाज कुठून आला, किती वाजता आणि किती वेळा, एवढं सांगितलं तरी चालतं. लग्नाच्या वरातीतला फटाका निघाला तर निघाला.